डार्क फँटसी मालिकेचा पहिला भाग कसा लिहावा : पूर्वतयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील नव्या लेखकांची जी हस्तलिखिते वाचायला मिळतात, त्यांत गेल्या काही वर्षांत डार्क फँटसीचे, म्हणजे गडद अद्भुतकथांचे, प्रमाण बरेच वाढले आहे. त्यांतील बहुतेकांची अडचण एकच आहे. सात राज्यांचा रंगीत नकाशा तयार असतो, चौदा पिढ्यांची वंशावळ तयार असते, देवतांची आणि अस्त्रांची यादी तयार असते, आणि कादंबरी मात्र चौथ्या प्रकरणावर थांबलेली असते. कल्पनाशक्ती कमी पडली असे यात क्वचितच घडते. कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. जे शेवटी करायचे ते आधी केले जाते, आणि मालिका मोठी असल्यामुळे पहिला भाग ही तिची लांबलेली प्रस्तावना आहे असे लेखक नकळत धरून चालतो.

पहिला भाग ही स्वतःच्या पायावर उभी राहणारी कादंबरी असते. ज्याला दुसरा भाग कधीच मिळणार नाही, त्या वाचकालाही ती पूर्ण वाटली पाहिजे. पुढील टप्पे हे धरूनच मांडले आहेत, आणि ते त्याच क्रमाने करावेत.

पूर्वतयारी : काय जवळ असावे

एक जाड वही, एक पंचांग आणि लेखनाची फाइल, एवढे साहित्य पुरते. फाइल पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच असावी. जुन्या फॉन्टमध्ये लिहून नंतर रूपांतर केले की रफार आणि जोडाक्षरे जागोजागी तुटतात, आणि तीनशे पानांतून ती वेचून दुरुस्त करण्यात आठवडे जातात. फाइलची एक प्रत दररोज दुसरीकडे ठेवावी.

वहीचे चार भाग करावेत : किंमत, जागा, माणसे आणि तिथी. वंशावळीसाठी भाग ठेवू नये. ती लागलीच, तर पुनर्लेखनाच्या वेळी शेवटच्या पानावर मावते.

लांबीचा अंदाजही आधीच बांधावा. डेमी आकाराच्या तीनशे पानांच्या मराठी कादंबरीत साधारणपणे ऐंशी ते नव्वद हजार शब्द बसतात. पहिल्या भागासाठी एवढा पल्ला पुरेसा आहे.

टप्पा १ : शक्तीची किंमत ठरवा

या प्रकारच्या कादंबरीत अद्भुत शक्ती असतेच. तिला मंत्र म्हणा, विद्या म्हणा, शाप म्हणा. नवा लेखक त्या शक्तीने काय काय करता येते याची यादी करतो. तुम्ही ती शक्ती वापरल्यावर काय गमवावे लागते ते आधी लिहा, आणि ते कोण गमावतो हे त्याहूनही आधी लिहा.

गडदपणा रक्ताच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. शक्ती एकाने वापरायची आणि तिची किंमत दुसऱ्याने, तीही न विचारता, चुकवायची, अशी व्यवस्था उभी राहिली की कथा आपोआप गडद होते. उदाहरणादाखल एक नियम घेऊ. खाडीकाठच्या एका गडावर एक विद्या आहे. ती वापरली की गडाचा तट एक रात्र अभेद्य होतो. पण त्याच रात्री खालच्या गावातील कोणा एका कुळाच्या, म्हणजे जमीन कसणाऱ्याच्या, शेतात खार चढतो आणि तिथे सात वर्षे भात पिकत नाही. शेत कोणाचे जाईल ते विद्या वापरणाऱ्याच्या हातात नाही.

हा एक नियम कथेला किती पुरवठा करतो ते पाहावे. गेलेल्या शेतांची नोंद ठेवणारा कारकून लागतो. भरपाई द्यायची की नाही यावर दरबारात वाद होतो. आपले शेत वाचावे म्हणून गडावर नजराणे पोहोचवणारी माणसे तयार होतात. लहानशा चकमकीतही विद्या वापरून मोकळा होणारा उतावळा सरदार आणि माणसे गमावीन पण शेत घालवणार नाही म्हणणारा हट्टी सरदार, असे दोन पक्ष पडतात, आणि दोघांचेही काही अंशी खरे असते. खार चढलेल्या जमिनीत मिठागरे घालून श्रीमंत झालेला कोणी असेल, तर त्याला विद्या पुन्हापुन्हा वापरली जावी असेच वाटणार. एकाही राजवंशाचे नाव न ठरवता अर्धी कादंबरी हाती लागली.

सूचना : वापरणाऱ्याला थकवा येतो किंवा त्याच्या नाकातून रक्त येते, ही किंमत नव्हे. चार ओळींनंतर तो बरा होतो आणि वाचक विसरून जातो.

तपासणी : किंमत एका वाक्यात लिहून शेजाऱ्याला वाचून दाखवावी. “मग ती विद्या वापरतातच कशाला?” असे त्याने विचारले, तर नियम चांगला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच कादंबरी लिहायची आहे.

टप्पा २ : जागा लहान घ्या आणि ती पायी फिरून या

पहिल्या भागाला एक खंड लागत नाही. एक गड, त्याखालचे गाव, एक खाडी आणि पलीकडचा काठ, एवढ्यात तीनशे पाने सहज जातात. जागा काल्पनिकच असावी, पण तिची माती, पाणी आणि उजेड पाहिलेले असावेत. या बाबतीत ठाणे आणि नवी मुंबईकर नशीबवान आहेत, तरी हस्तलिखितांत बर्फाळ पर्वत आणि पाइनची जंगले भरलेली आढळतात. लेखकाने बर्फ पाहिलेला नसतो आणि ते तिसऱ्याच वाक्यात कळते.

घोडबंदरच्या किल्ल्यावर एक दुपार घालवावी, बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष पाहावेत, आणि ऐरोलीजवळ खाडीकाठी ओहोटीच्या वेळी उभे राहावे. तिवरांची मुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, त्यांच्यामधून निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात, आणि पाय ठेवला की घोट्याच्या वर चिखल येतो व ओढून धरतो. तिथून पळणारा माणूस कसा पळेल, त्याचा आवाज किती होईल, तलवार हातात राहील की सुटेल, हे पाहिल्यावरच नीट लिहिता येते. ठाण्याचा किल्ला पाहण्याचा विचार असल्यास तो सोडून द्यावा, कारण तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला तो किल्ला पुढे तुरुंग झाला, हे मात्र वहीत टिपून ठेवण्यासारखे आहे.

जागेच्या बाबतीत सर्वाधिक चुका पाण्यात आणि चंद्रात होतात. एक प्रसंग वेगवेगळ्या लेखकांच्या लेखनात हटकून भेटतो : पौर्णिमेची मध्यरात्र आहे, चांदणे पडले आहे, आणि नायक ओहोटीचा चिखल तुडवत खाडी ओलांडतो. आपल्या किनाऱ्यावर हे घडूच शकत नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला इथे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते, आणि तीही उधाणाची. ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. पंचांगातील तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या तासाचा स्थूल अंदाज मिळतो, म्हणजे अष्टमीला सहा आणि चतुर्थीला तीन. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडे उशिरा चढते. नायकाला मध्यरात्री चिखलातून न्यायचेच असेल, तर अष्टमी निवडावी. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो, त्यामुळे अंधारात जायचे की उजेडात, तेही त्याच निवडीत ठरून जाते.

वाशीच्या पुलावरून रोज लोकलने जाणाऱ्याने पंधरा दिवस, त्याच गाडीने जाताना, खाडीचे पाणी कुठवर आहे एवढेच टिपावे. उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची कमी भरती) यांचे एक आवर्तन त्यात येऊन जाते. असा कच्चा माल फुकट मिळत असताना तो न घेणे मला तरी समजत नाही.

गडाचा हिशेबही कागदावर करावा. दोनशे माणसांची शिबंदी आहे आणि माणशी रोज अर्धा किलो धान्य लागते असे धरले, तर महिन्याला तीन टन धान्य होते; बैलाच्या पाठीवर शंभर किलो धरले तर तीस बैल. माणशी पाच लिटर पाणी धरले तर दिवसाला हजार लिटर, आणि पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांसाठी सुमारे दोन लाख चाळीस हजार लिटर. म्हणजे दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे एक टाके. वेढा किती दिवस टिकेल, हे लेखकाच्या लहरीऐवजी आता टाके ठरवते. त्या टाक्यात कोणीतरी काहीतरी टाकले, की पुढचे प्रकरण सुरू झाले.

तपासणी : कोणत्याही प्रसंगाला “तिथी कोणती, भरती की ओहोटी, आणि पाणी किती उरले?” असे विचारले असता उत्तर वहीत सापडले पाहिजे.

टप्पा ३ : माणसे कमी, देणी जास्त

ज्यांच्या नजरेतून कथा दिसते अशी पात्रे पहिल्या भागात तीनच ठेवावीत. चौथे घेतल्यास प्रत्येकाच्या वाट्याला येणारी पाने इतकी कमी होतात की वाचकाचा जीव कोणावरच जडत नाही. ही तीन माणसे एकाच व्यवस्थेच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरची असावीत. शिवकालीन गडांवर किल्ल्या सांभाळणारा हवालदार, हिशेब लिहिणारा सबनीस आणि शिबंदी सांभाळणारा सरनोबत हे बरोबरीच्या दर्जाचे तीन अधिकारी असत, म्हणजे एकटा कोणी फितूर झाला तरी गड जात नसे. ही रचना आपल्या कथेत उचलण्याजोगी आहे, कारण एकाला फोडून काम भागत नाही आणि तिघांतील अविश्वास मात्र कायम राहतो. आपल्या उदाहरणात सबनीस हा नजरेचा पहिला मालक झाला, तर गेलेल्या शेतांची वही त्याच्याकडे येते. दुसरी नजर गावातील कुळाची, तिसरी विद्या वापरणाऱ्याची.

प्रत्येकाबद्दल वहीत तीनच ओळी लिहाव्यात : तो कोणाचे देणे लागतो, त्याला काय लपवायचे आहे, आणि कोणत्या गोष्टीसाठी तो शब्द मोडेल. डोळ्यांचा रंग, उंची, लहानपणीचा आवडता खेळ हे सगळे लिहिण्याच्या ओघात येते.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहिली पाहिजे. जग क्रूर आहे हे दाखवण्यासाठी पहिल्या पन्नास पानांत एखाद्या स्त्रीवर अत्याचार घडवायचा आणि तिला पुन्हा कथेत आणायचेच नाही, ही सवय या लेखनप्रकाराला जडली आहे. ज्या माणसावर अन्याय होतो त्याला त्यानंतर स्वतःची बुद्धी, राग आणि निर्णय मिळणार नसतील, तर तो प्रसंग काढून टाकावा.

कोण कोणाला कसे हाक मारतो, याचा एक तक्ता याच टप्प्यात करावा. सबनीस सरनोबताला ‘तुम्ही’ म्हणतो की ‘आपण’, कूळ सबनीसाला ‘धनी’ म्हणते की ‘रावसाहेब’, नवरा चारचौघांत बायकोला कसा बोलावतो, हे एकदा ठरले की ते मोडण्याचे क्षण हाती येतात. दोनशे पाने ‘तुम्ही’ म्हणणारा सबनीस एका रात्री सरनोबताला ‘तू’ म्हणतो, तेव्हा निराळे वर्णन करावे लागत नाही. तक्ता नसेल तर तेच पात्र एका पानावर ‘आपण’ आणि दुसऱ्यावर ‘तू’ म्हणत राहते, आणि वाचक त्याला मुद्रणदोष समजतो.

टप्पा ४ : या भागाचा शेवट आधी लिहा

मालिकेचा शेवट ठाऊक नसला तरी चालते. या भागाचा ठाऊक असलाच पाहिजे. शेवटचे प्रकरण, निदान त्याचा दोन पानी मसुदा, पहिल्या प्रकरणाआधी लिहावा. एक मोठा प्रश्न पूर्णपणे सुटावा आणि त्याच्या उत्तरातूनच एक नवा प्रश्न उभा राहावा. उदाहरणार्थ, वेढा उठतो, गड वाचतो. पण सबनीसाच्या वहीवरून असे दिसते की गेलेली शेते आपोआप ठरत नव्हती, कोणीतरी ती निवडत होते.

मालिका किती भागांची, हे मुखपृष्ठावर जाहीर करू नये. इंग्रजीत १९९६ साली सुरू झालेली एक जगप्रसिद्ध मालिका मुळात तीन भागांची ठरली होती, आणि तिचा पाचवा भाग २०११ साली आला. मोठ्या लेखकांचे अंदाज चुकतात, तिथे पहिलेच पुस्तक लिहिणाऱ्याने आकडा छापून स्वतःला बांधून घेण्याचे कारण नाही.

टप्पा ५ : पहिला खर्डा

खर्डा सलग लिहावा आणि मागे जाऊन सुधारू नये. नाव सुचले नाही तर ‘खालचे गाव’, ‘जुना सरदार’ असे लिहून पुढे जावे. अडते ती जागा बहुतेक वेळा पहिले पान असते, म्हणून त्याकडे जवळून पाहू. नेहमी येणारी सुरुवात अशी असते :

“सृष्टीच्या आरंभी जेव्हा काळालाही नाव नव्हते, तेव्हा सात महाशक्तींनी मिळून सात राज्ये निर्माण केली. त्यांतील पहिले राज्य...”

यात कोणालाही काही नको आहे, कोणाचेही काही बिघडलेले नाही, आणि वाचकाला सात नावे पाठ करायची आहेत. आता वरच्या नियमावर आधारलेली दुसरी सुरुवात पाहा :

“बांधातल्या उघाडीच्या फळीखालून पाणी आत येत होते. भिवाने बोट बुडवून चाटले. खारट. बांध धड होता, भरतीला प्रहरभर अवकाश होता. म्हणजे रात्री गडावर कोणीतरी विद्या वापरली होती. तो घरी गेला नाही. शेत कोणाचे गेले ते लिहून घ्यायला सबनीस उतरेल, त्याची वाट पाहत तो बांधावर बसून राहिला.”

गड, विद्या, तिची किंमत, सबनीसाचे काम आणि भिवाची भीती हे सारे या सहा-सात वाक्यांत आले, आणि समजावून एकही गोष्ट सांगितली गेली नाही. वाचकाला अजून ‘विद्या’ म्हणजे काय ते नीट कळलेले नाही, पण ती वाईट बातमी आहे हे कळले आहे. एवढ्यावर तो पान उलटतो.

उपोद्घात लिहायचाच असेल तर तो चार पानांपेक्षा मोठा नसावा आणि त्यात एकच प्रसंग असावा. इतिहास सांगण्यासाठी तो वापरू नये.

सूचना : प्रत्येक प्रकरणात कोणीतरी काहीतरी गमावले पाहिजे किंवा गमावण्याच्या बेतात आले पाहिजे. दोन पात्रे बसून तिसऱ्याला इतिहास सांगत असतील, तर ते प्रकरण तिथेच थांबवावे.

टप्पा ६ : नावे आणि शब्द

नावे सर्वांत शेवटी पक्की करावीत. एकाच आद्याक्षराची दोन महत्त्वाची नावे ठेवू नयेत, आणि उच्चारताना जीभ अडखळेल असे नाव घेऊ नये. वेळ तास-मिनिटांत सांगू नये. दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची आणि एक प्रहर तीन तासांचा, एवढे ध्यानात ठेवले की पुरते. कोस, शेर, पायली, खंडी यांचे प्रमाण जुन्या काळी प्रांतागणिक बदलत असे, तेव्हा आपल्या जगासाठी एक प्रमाण ठरवून ते वहीत लिहावे.

तटबंदीचे शब्द मात्र नेमके असावेत. पहारेकरी फिरतात ती फांजी, बाण किंवा बंदूक रोखतात ती जंगी, दारामागचा तो अडसर, आणि पहारेकऱ्यांची बसण्याची जागा म्हणजे देवडी. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८३१ सालचा कोश किंवा त्याची १८५७ सालची सुधारित आवृत्ती उपयोगी पडते. किल्ल्याच्या व्यवस्थेसाठी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण वाचावे. खाडी, मिठागरे आणि खाजण जमिनींविषयी १८८२ सालच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये भरपूर तपशील आहे. ठाण्यात राहणाऱ्यांनी १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात संदर्भाची चौकशी जरूर करावी.

मात्र पानावर दोन-तीनपेक्षा अधिक अपरिचित शब्द आले की कादंबरीचा कोश होतो. संवादांत तर शक्यतो साधेच शब्द असावेत. ‘हे नराधमा’ असे म्हणणारी माणसे संगीत नाटकात शोभतात.

टप्पा ७ : पुनर्लेखन

खर्डा संपल्यावर महिनाभर तो बाजूला ठेवावा आणि मग पुढील क्रमाने काम करावे.

१. प्रत्येक प्रसंगाची तिथी, भरती-ओहोटी आणि पात्रांचे ठिकाण तक्त्यात भरावे. एकच माणूस एकाच रात्री दोन काठांवर सापडतो, तो इथेच.

२. किंमतीचा नियम कुठे मोडला आहे का ते पाहावे. नायकाची सोय व्हावी म्हणून एकदा जरी विद्या फुकट वापरली गेली, तर वाचक तिथून पुढे कशालाच घाबरत नाही.

३. पहिली तीन प्रकरणे काढून चौथ्यापासून वाचावे. कथा समजत असेल तर ती तीन प्रकरणे जावीत. हे जड जाते, आणि बहुतेक जण इथेच कच खातात.

४. संवाद मोठ्याने वाचावेत.

त्यानंतर हस्तलिखित दोन जणांना द्यावे, आणि त्यांपैकी एकाने फँटसी कधीच वाचलेली नसावी. “आवडले का?” असे विचारू नये. कोणत्या पानावर वाचन थांबवले आणि कोणाचे नाव आठवत नाही, हे दोनच प्रश्न विचारावेत.

टप्पा ८ : नकाशा, आणि प्रकाशकाकडे पाठवणे

नकाशा आता काढावा. कादंबरीत ज्या जागी कोणी गेले आहे त्याच जागा त्यात दाखवाव्यात आणि तो काळ्या शाईत एका पानावर बसवावा, कारण मराठी पुस्तकाच्या आकारात बारीक अक्षरे आणि रंगछटा छपाईत टिकत नाहीत. शब्दसूची जोडावीशी वाटत असेल, तर ज्या शब्दांसाठी ती लागते ते शब्द मजकुरातच अधिक स्पष्ट करता येतील का, हे आधी पाहावे.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत, म्हणजे फर्म्यांत, छापले जाते, म्हणून फर्म्याच्या वर दोन-चार पाने जात असतील तर मजकूर तेवढा आवळावा. प्रकाशक खर्चाचे गणित तिथूनच मांडतो. पाठवताना पहिली तीन प्रकरणे आणि दोन पानी सारांश पाठवावा. सारांशात शेवट उघड करावा, रहस्य राखू नये. मालिकेचा उल्लेख एका परिच्छेदात पुरे. दुसऱ्या भागाची प्रकरणे, पात्रांची चित्रे आणि वंशावळ सोबत पाठवू नये. मागितली तर देता येतात. आलेल्या प्रत्येक उत्तराची तारीख वहीत नोंदवावी, आणि लेखी करार होईपर्यंत संपूर्ण फाइल कोणालाही मोबाइलवर पाठवू नये.